पस्तीस मीटरचं टेबल

ज्या माणसाने चौतीस वर्षं अख्ख्या गावाच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढले, त्याला स्वतःच्या घरातलं एक टेबल काढता येऊ नये, ही गोष्ट त्या माणसाने आपणहून कुणाला सांगितली नसती. पण सोसायटीत ती इतक्या जणांनी इतक्या वेगवेगळ्या मापांत सांगितली आहे, की आता खरं माप एकदाचं लिहून ठेवलेलं बरं.

त्या माणसाला पाणीपुरवठा खात्यात सगळे सूतभर म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. नकाशात एका सुताचा फरक सापडला तरी हे गृहस्थ तांबड्या पेन्सिलीने गोल करून तो नकाशा परत पाठवत, मग तो साहेबाचा असो की साहेबाच्या साहेबाचा. हे नाव आपल्याला आदराने पडलंय अशी त्यांची अकरा वर्षं समजूत होती. निरोपसमारंभात कुणीतरी ते नाव घेतलं आणि मागच्या दोन रांगा नको इतक्या हसल्या, तेव्हा त्यांना पहिली शंका आली. पण तोवर नारळ हातात पडला होता आणि शंका विचारायला कार्यालय उरलं नव्हतं.

त्यांची बायको शाळेत सहावीला गणित शिकवत असे. तिला अख्खी आळी बाई म्हणे, आणि चारचौघांत सूतभरही बाईच म्हणत. या बाईंनी सव्वीस वर्षं वह्या तपासल्या त्या जेवणाच्या टेबलावर. संध्याकाळी चार वाजता वह्या पसरायच्या, आठ वाजता ताटं आली की उचलून फ्रिजवर ठेवायच्या, जेवणं झाली की टेबल पुसून पुन्हा खाली उतरवायच्या. कधी पेला सांडायचा, कधी एखाद्याचा अपूर्णांक फ्रिजच्या मागे पडायचा आणि आठ दिवसांनी सापडायचा. मुख्याध्यापिकांनी बाईंना सहावीची सरावपुस्तिका लिहायला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा बाई नाही म्हणाल्या, कारण पुस्तिका लिहायची तर कागद पसरून ठेवायला लागतात आणि रोज आठ वाजता उचलून पुस्तक होत नाही. या वर्षी मुख्याध्यापिकांनी तिसऱ्यांदा विचारलं. चार आठवड्यांनी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, हो की नाही ते सांगायचं होतं. नाही म्हटलं तर काम दुसऱ्या शाळेतल्या कुणाला तरी जाणार होतं आणि चौथ्यांदा कुणी विचारणार नव्हतं.

बाई घरी येऊन एवढंच म्हणाल्या, की बाहेरच्या खोलीत खांब आणि खिडकी यांच्या मधे जागा आहे, तिथे एक टेबल बसेल का. मिस्त्रीला बोलावून विचारू या.

सव्वीस वर्षांत बाईंनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच वस्तू होती, हे सूतभरांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या लक्षात राहिला तो मिस्त्री. घरात मुख्य आरेखक धडधाकट बसलेला असताना मिस्त्रीला विचारायचं म्हणजे काय, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी बाईंना शांतपणे समजावलं, की मिस्त्री टेबल फक्त जोडतो, टेबल जन्माला येतं ते नकाशात. बाईंनी मान डोलावली आणि वह्या उचलल्या. आठ वाजले होते.

मुलीने लग्न होऊन जाताना तिचा जुना लॅपटॉप ठेवून दिला होता आणि त्यात नकाशे काढायचा प्रोग्रॅम घालून दिला होता. सूतभरांनी तो उघडला, तर त्याने पहिलाच प्रश्न टाकला: इम्पीरियल की मेट्रिक?

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण सूतभरांनी ती तीन आठवडे कबूल केली नाही. कार्यालयात हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. तिथे कोरी फाईल आधीच सगळं ठरवून समोर यायची. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. पंगतीत बसलेल्या माणसाला मीठ कुणी आणलं ते विचारायची गरज नसते, तसं त्यांचं चाललं होतं. आता वाढपी नव्हता. त्यांनी जराही न घाबरता इम्पीरियल निवडलं. एक तर घरातली टेप फूट-इंचांची होती, आणि दुसरं म्हणजे त्या शब्दाला एक भारदस्तपणा होता.

सहा दिवस ते टेबल काढत होते. लांबी पंचावन्न इंच, खोली बावीस, वर पुस्तकांच्या फळ्या धरून उंची चौऱ्याऐंशी. खणाची मूठ काढली, मुठीचा स्क्रू काढला, स्क्रूच्या डोक्यावरची चीरही काढली. बाई चहा घेऊन आल्या की ते लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटत, परीक्षेला बसलेलं पोर हाताने उत्तर झाकतं तसं.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर दिवसातून दोनदा येऊन मागे उभे राहात आणि आपल्या आयुष्यातल्या टेबलांबद्दल बोलत. सल्ला देताना ते घड्याळाकडे बघत, जणू सल्ला सुटायची वेळ झाली आहे. हाताने कापण्याचे दिवस गेले, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाजाराच्या टोकाला एका बाईंचं दुकान आहे, त्यांना फाईल पाठवायची, मशीन केसाचाही फरक न होता प्लायवुड कापून देतं. मास्तरांनी तिथून चपलांचं कपाट करून घेतलं होतं आणि ते अजून उभं होतं.

फाईल गेली. दुपारी मशीनवाल्या बाईंचा फोन आला. त्यांनी अदबीने विचारलं, की साहेब, माप बघितलंत ना, एवढंच हवंय? एवढंच या शब्दावर सूतभरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या नकाशावर आजवर कुणी शंका घेतली नाही, जसं काढलंय तसंच कापा, एका सुताचाही फरक चालणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. मशीनवाल्या बाई म्हणाल्या, बरं.

दुसऱ्या दिवशी टेबल आलं. पाकिटात आलं.

फाईलीतून पंचावन्न एवढा आकडाच गेला होता, इंच मागेच राहिले होते. मशीनला फक्त मिलिमीटर कळतात, त्यामुळे त्याने पंचावन्न मिलिमीटर कापले. अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा, पंचावन्न बाय बावीसचा तो तुकडा म्हणजे बाईंचं लिहायचं टेबल. खोडरबरासारखा दिसत होता, फक्त त्याने खोडता येत नव्हतं. सोबत तशीच फळ्यांची आणि बाजूंची चवड होती. कडा मात्र इतक्या सफाईने कापलेल्या, की सूतभरांनी नाइलाजाने भिंग लावून त्या तपासल्या. एका सुताचाही फरक नव्हता.

पाकीट घेऊन लिफ्टमधून वर येताना सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. हे गृहस्थ कधी हसत नसत आणि कधी रागावतही नसत. समोर जे लिहिलं असेल ते वाचत, आणि लिहिलं नसेल तर लिहून मागत. पाकिटात काय आहे, असं त्यांनी विचारलं, आणि सूतभर घाईत खरं बोलून गेले. सेक्रेटरींनी टेबल कुठे बसणार ते विचारून घेतलं. खांबाला लागून म्हणताच त्यांनी खिशातून अर्ज काढला. खांब संस्थेचा आहे. त्याला काहीही जोडायचं तर समितीची मंजुरी लागते. नकाशा तीन प्रतींत, मापं मेट्रिक.

सूतभर मनातून खूष झाले. मशीनला मेट्रिक हवंय, समितीला मेट्रिक हवंय, मग नकाशाच मेट्रिक करून टाकू. एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. त्यांनी सगळं टेबल पंचवीस पूर्णांक चार पट मोठं केलं. इथे थांबले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण कामात कसर राहू नये म्हणून त्यांनी एक नवी कोरी मेट्रिक फाईल उघडली आणि ते टेबल उचलून तिच्यात नेऊन ठेवलं. नव्या फाईलने पाहिलं, की पाहुणा इंचांच्या घरातून आला आहे, आणि तिने कुणाला न विचारता त्याला पुन्हा पंचवीस पूर्णांक चार पट केलं. पडद्यावर काही कळेना, कारण पडद्यावर काडेपेटी आणि आगगाडी सारख्याच आकाराची दिसते. मापांचे आकडे कोपऱ्यात लिहिलेले होते. ते त्यांनी वाचले नाहीत. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासलेल्या माणसाला आपले आकडे तपासण्याची कल्पनाच सुचत नाही.

समितीची सभा वाहनतळात, पाच खुर्च्यांवर भरली. सेक्रेटरींनी नकाशा वाचायला घेतला. टेबलाची लांबी पस्तीस हजार चारशे त्र्याऐंशी पूर्णांक आठ मिलिमीटर, म्हणजे साडेपस्तीस मीटर. त्यांच्या हिशेबाने हे टेबल खांबापासून निघून खिडकीतून बाहेर पडतं, वाहनतळावरून जातं, रस्ता ओलांडतं आणि पलीकडच्या दवाखान्याच्या पायरीवर टेकतं. रस्ता नगरपालिकेचा असल्याने तिचं ना हरकत पत्र जोडावं लागेल. दवाखान्याचंही. फळ्यांची उंची चौपन्न मीटर आहे आणि इमारत चार मजली आहे, तेव्हा गच्चीवरचे चौदाएक मजले कोण बांधणार, याचा अर्जात खुलासा नाही. शिवाय अग्निशमन.

कुणी हसलं नाही, हे सगळ्यांत वाईट झालं. सेक्रेटरींनी सभावृत्तात लिहिलं की अर्ज खुलाशासाठी राखून ठेवला आहे. हसणं झालं ते नंतर, जिन्यात. दुसऱ्या दिवशी खालचा पहारेकरी सूतभरांना गंभीरपणे विचारू लागला, की दवाखान्यात जायचं असेल तर आता खाली उतरायला नको ना, टेबलावरूनच जाता येईल.

त्या संध्याकाळी बाईंनी वह्या फ्रिजवर ठेवता ठेवता विचारलं, की मी एकदा आकडे बघू का. खरं म्हणजे एककांचं रूपांतर हा त्यांचा विषय होता. सव्वीस वर्षं, दर वर्षी चाळीस मुलांना त्यांनी तो शिकवला होता. पण सूतभरांना बायकोकडून ते तपासून घेणं म्हणजे सहावीच्या बाकावर बसण्यासारखं वाटलं. प्रोग्रॅममध्ये दोष आहे, बघण्यासारखं त्यात काही नाही, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. सोमवारला बारा दिवस राहिले होते, हेही त्या बोलल्या नाहीत. तेवढं मात्र सूतभरांना माहीत होतं.

तिसरा नकाशा त्यांनी आकडे मोजूनमापून पुन्हा मुळापासून काढायला घेतला. टेबलाचा माथा आणि दोन्ही बाजू मंगळवारी झाल्या, अगदी काटेकोर. एक फूट म्हणजे तीनशे चार पूर्णांक आठ. बुधवारी फळ्या काढायच्या होत्या, तर सकाळीच मास्तर आले. त्यांनी दशांशचिन्हं पाहून कपाळाला हात लावला. बाजारात कुणी असं मोजत नाही म्हणाले. फूट म्हणजे तीनशे आणि इंच म्हणजे पंचवीस, सगळी दुनिया यावर चाललीय, तुम्ही उगाच डोकं शिणवता आणि मग पस्तीस मीटर होतात. पस्तीस मीटरचं नाव निघताच सूतभरांचं अवसान गळालं. फळ्या त्यांनी मास्तरांच्या हिशेबाने काढल्या. मंगळवारचं काम बदलायचं राहिलं. एकाच टेबलात दोन फूट नांदू लागले आणि दोघांचा एकमेकांशी परिचय नव्हता.

बाहेरची मापं बरोबर असल्यामुळे समितीने गुरुवारी मंजुरी दिली. अट एकच, टेबल झाल्यावर प्रत्यक्ष मापांचा नकाशा दप्तरी जमा करावा. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मशीनवाल्या बाईंकडून प्लायवुड आलं, या वेळी टेम्पोतून. सूतभर टेम्पो बघायला खाली उतरले आणि उगाचच दोनदा सगळ्यांना दिसेल असे त्याच्याभोवती फिरले.

शनिवारी मिस्त्री आला. ज्याला न विचारायचं ठरवलं होतं तोच. कमी बोलणारा, पिकल्या मिशांचा माणूस. बाईंची अर्ध्या दिवसाची शाळा होती, त्या एक वाजता घरी आल्या तेव्हा माथा आणि बाजू उभ्या झाल्या होत्या आणि खरोखर खांब आणि खिडकीच्या मधे चपखल बसल्या होत्या. बाई दारातच थांबल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही. नुसत्या बघत राहिल्या, आणि तो चेहरा सूतभरांनी फार वर्षांनी पाहिला.

मग मिस्त्रीने पहिली फळी आत ठेवली आणि ती खाली पडली. दुसरीही पडली. तिसरी त्याने पाडली नाही, नुसती आडवी धरली आणि बाजूच्या फटीत बोट घालून दाखवलं.

"साहेब, फळी कमी पडतेय."

"किती?"

"सात सूत."

एका सुतासाठी साहेबाचे नकाशे परत पाठवलेल्या माणसाला हा आकडा बसून ऐकावा लागला. ते सोफ्यावर टेकले. प्रोग्रॅम, मशीन, मास्तर, समिती, सगळे एकेक करून त्यांच्या तोंडापर्यंत आले आणि परत गेले. परवाच्या सोमवारी बाई तिसऱ्यांदा नाही म्हणणार होत्या, आणि त्याचं कारण प्रोग्रॅम नव्हता. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि बाईंच्या पुढे केला. म्हणाले, "माझं चुकलंय. कुठे चुकलंय ते कळत नाही. बघतेस?"

बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली. दोन मिनिटं लागली, तीही चष्मा शोधण्यात. ही निम्मी तीनशेनं केलीत आणि ही निम्मी तीनशे चार पूर्णांक आठनं, असं त्या म्हणाल्या. आवाजात रागही नव्हता आणि टोमणाही नव्हता, आणि त्यामुळे सूतभरांना आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

"वर्गात निम्म्या मुलांचं हेच चुकतं," बाई म्हणाल्या. "पण ती मला विचारतात."

मिस्त्रीला या संभाषणात रस नव्हता. सात सूत म्हणजे दोन्हीकडून पट्ट्या मारल्या की झालं, असं सांगून त्याने पट्ट्या काढल्याही. एकवीस दिवसांच्या दुःखावर त्याला अर्धा तास लागला. मग माथा पक्का करायच्या आधी त्याने विचारलं, की यावर बसणार कोण.

सूतभरांनी सांगितलं, की उंची तीस इंच धरली आहे, आरेखनाच्या पुस्तकात तीसच दिलेली आहे. मिस्त्री म्हणाला, पुस्तक बसणार असेल तर तीस ठीक आहे. बाईंकडे वळून त्याने त्यांना बसायला सांगितलं. बाई सवयीने जेवणाच्या खुर्चीवर बसल्या. मिस्त्रीने त्यांच्या पायांकडे पाहिलं, म्हणून सूतभरांनीही पाहिलं. चवडे जमिनीला टेकत होते. टाचा अधांतरी होत्या.

"बाई, किती वर्षं बसता अशा?" मिस्त्रीने विचारलं.

बाई हसून म्हणाल्या, की आता सवय झाली, रात्री पोटऱ्या दुखतात तेवढंच.

मिस्त्रीने मुलीच्या अभ्यासाची बुटकी खुर्ची आणायला लावली. तिच्यावर पाय सपाट टेकले. मग त्याने एक साधी लाकडी पट्टी घेतली. तिच्यावर ना इंच होते ना मिलिमीटर. ती जमिनीवर उभी धरली, बाईंना हात लिहितो तसा ठेवायला सांगितला आणि कोपराशी पेन्सिलीने रेघ मारली. सूतभर टेप घेऊन पुढे सरसावले आणि आकडा किती ते विचारू लागले. मिस्त्री म्हणाला, खूण केलीय ना, आकडा कशाला? आणि त्या खुणेवर माथा ठोकून मोकळा झाला.

सूतभर टेप हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी खांब मोजला होता, खिडकी मोजली होती, विजेची बटणं किती उंचावर आहेत तेही मोजलं होतं. या बाईसमोर बसून ते सव्वीस वर्षं जेवले होते, आणि तिच्या टाचा जमिनीला लागत नाहीत हे त्यांनी आज, दुसऱ्याने दाखवल्यावर पाहिलं होतं. त्यांना लाज वाटली. अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी.

सोमवारी बाई हो म्हणून आल्या. आठवड्यात टेबलभर कागद पसरले आणि पसरलेलेच राहिले. मापन या धड्यात त्यांनी एक उदाहरण घातलं: एका गृहस्थांनी पंचावन्न इंचांचे मिलिमीटर दोनदा केले, तर टेबल किती लांब होईल? त्यांनी ते सूतभरांना वाचून दाखवलं आणि चालेल ना, असं विचारलं. सूतभरांनी गृहस्थ हा शब्द दोनदा वाचला, ही आपल्या मानाने बरीच बढती आहे असं ठरवलं आणि होकार दिला.

मग दप्तरी जमा करायचा नकाशा राहिला. तो त्यांनी मेट्रिकमध्ये काढला, प्रत्येक आकडा दोनदा मोजला आणि बाईंकडून तपासून घेतला. बाईंनी तांबड्या पेनाने प्रत्येक मापापुढे बरोबरची खूण केली. उंचीची जागा तेवढी कोरी होती. ती काय लिहायची ते मी बघतो, असं म्हणून सूतभरांनी कागद परत घेतला.

त्या प्रोग्रॅममध्ये मोजलेला आकडा पुसून त्याच्या जागी हाताने हवं ते लिहिता येतं. नकाशे काढणाऱ्यांत यापेक्षा मोठं पाप नाही. असं करणाऱ्या दोघांना सूतभरांनी नोकरीत असताना लेखी समज दिली होती. त्यांनी कोऱ्या जागी उंचीची रेघ ओढली, प्रोग्रॅमने आपोआप टाकलेला आकडा पुसला आणि तिथे लिहिलं, 'बाईंच्या कोपराइतकी'.

तीन दिवसांनी सेक्रेटरींनी नकाशा परत पाठवला. उंचीला एकक दिलेलं नाही, दुरुस्त करून पुन्हा सादर करावा, असा शेरा होता. सूतभरांनी तो वाचला. चौतीस वर्षांत शेरा आलेला एकही नकाशा त्यांनी दुरुस्त केल्याशिवाय परत पाठवला नव्हता. त्यांनी पेन उघडलं, शेऱ्याखाली सुवाच्य अक्षरात 'माप बरोबर आहे' असं लिहिलं, सही केली आणि नकाशा होता तसाच खाली पाठवून दिला.